रस्त्याची वाटणी : बोगोता शहरातील पादचारी आणि सायकलस्वार

कोलंबियाची राजधानी बोगोता. या शहराच्या उत्तर भागातल्या कारेरा 15 या बाजारपेठेच्या रस्त्यावर 1990 च्या दशकात फुटपाथ मोटारींनी भरलेले असत. दुकानाच्या दारापर्यंत गाडी आणून लावण्याची रीत इतकी रुळली होती की फुटपाथ हे गाड्या लावण्याचेच ठिकाण आहे, असा समज पक्का झाला होता. चालणारा माणूस गाडीचा मागचा भाग आणि दुकानाची पायरी यांच्यामधून अंग चोरून वाट काढत असे, आणि तेवढीही फट नसेल तेव्हा धावत्या वाहनांमध्ये रस्त्यावर उतरत असे. एन्रिके पेन्यालोसा 1998 साली महापौर झाले आणि त्यांच्या प्रशासनाने या फुटपाथांच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीचे खांब रोवायला सुरुवात केली. दोन खांबांमधून माणूस सहज जाईल, बाबागाडी जाईल, पण मोटार जाणार नाही, एवढेच अंतर ठेवलेले होते. या खांबांवरून शहरात जेवढा संताप उसळला तेवढा क्वचितच एखाद्या बांधकामाने उसळला असेल. धंदा बुडेल असे दुकानदारांचे म्हणणे होते, आपला हक्क हिरावला गेला अशी गाडीवाल्यांची भावना होती, आणि महापौरांना परत बोलावण्यासाठी सह्यांची मोहीमही उभी राहिली. ती मतदानापर्यंत पोचली नाही. खांब राहिले.

बोगोताच्या अनुभवाकडे या खांबांपासून पाहायला हवे असे मला वाटते. रस्ते सुरक्षित करण्याची चर्चा सहसा हेल्मेट, सिग्नल, जनजागृती आणि शिस्त यांभोवती फिरते. या सगळ्याची गरज आहेच. परंतु इमारतीपासून इमारतीपर्यंतची रस्त्याची रुंदी ठरलेली असते आणि ती कोणाला किती मिळावी हा वाटणीचा प्रश्न आहे. बोगोताने ही वाटणी काही ठिकाणी बदलली आणि काही ठिकाणी बदलायचे टाळले, आणि दोन्हींचे परिणाम आज आपल्यासमोर आहेत. एकाच शहरात दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात, म्हणून हे प्रकरण अभ्यासायला मोलाचे आहे.

शहर आणि त्यात चालणारे लोक

बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवर, पूर्वेकडील डोंगररांगेच्या पायथ्याशी पसरलेल्या पठारावर वसलेले आहे. पठार बहुतांशी सपाट आहे आणि हवा वर्षभर थंड असते, त्यामुळे सायकलीला हे शहर अनुकूल आहे. दक्षिणेकडच्या सियुदाद बोलिव्हारसारख्या भागांत मात्र वस्त्या डोंगरउतारावर चढत गेल्या आहेत आणि तिथे सायकलीचा उपयोग फार मर्यादित आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

या शहरात घरांचे 1 ते 6 असे आर्थिक-सामाजिक स्तर अधिकृतपणे ठरवलेले आहेत. पाणी आणि विजेचे दर या स्तरानुसार बदलतात, त्यामुळे आपण कोणत्या स्तरात राहतो हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते. वाहतुकीच्या नोंदीही स्तरानुसार तपासता येतात, आणि त्यातून दिसणारे चित्र स्वच्छ आहे : मोटार प्रामुख्याने वरच्या स्तरांत वापरली जाते, तर पायी आणि सायकलने होणारे बहुसंख्य प्रवास खालच्या स्तरांत होतात. 2019 च्या प्रवास-सर्वेक्षणात खासगी मोटारीचा वाटा एकूण प्रवासांच्या सुमारे 15 टक्के निघाला, पायी प्रवासांचा त्याहून बराच मोठा निघाला, आणि सायकलचा साडेसहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दिवसाला साडेआठ लाखांहून अधिक फेऱ्या. रस्त्याची बहुतेक रुंदी मात्र दीर्घकाळ या 15 टक्क्यांच्या सोयीने आखली गेली होती.

मृत्यूंची वाटणीही अशीच विषम होती. बोगोतात रस्त्यांवर मरण पावणाऱ्यांत पादचाऱ्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे निम्म्याच्या आसपास राहिले, आणि त्यांत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने होते. गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाने इतरांच्या गाडीच्या वेगाची किंमत जिवाने चुकवावी, ही स्थिती न्याय्य म्हणता येत नाही. ‘सुरक्षित’ आणि ‘न्याय्य’ हे दोन शब्द या विषयात जोडीने का येतात, ते इथे कळते.

रविवारची रीत

या कथेची सुरुवात खांबांच्या पंचवीस वर्षे आधी झाली. 15 डिसेंबर 1974 रोजी सायकलप्रेमींच्या एका गटाने मध्य बोगोतातील कारेरा 7 आणि कारेरा 13 हे दोन मोठे रस्ते काही तास मोटारींना बंद करवून घेतले. तो सायकलच्या बाजूने भरवलेला मेळावा होता आणि निषेधही होता : शहर मोटारींनी भरत चालले आहे आणि सामान्य माणसाला मोकळे फिरायला जागा उरलेली नाही, हे त्यांना दाखवायचे होते. पाच हजारांच्या आसपास लोक आले. 1976 मध्ये शहराने या उपक्रमाला अधिकृत मान्यता दिली आणि त्याला ‘सिक्लोव्हिया’ हे नाव मिळाले. मधली काही वर्षे तो रोडावला. 1990 च्या दशकाच्या मध्यावर त्याची जबाबदारी शहराच्या क्रीडा आणि मनोरंजन संस्थेकडे आली आणि मग तो झपाट्याने वाढला. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 या वेळेत 120 किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी, स्केटिंगसाठी आणि खेळणाऱ्या मुलांसाठी मोकळे होतात.

हे कसे घडवून आणले जाते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. दुपदरी रस्त्याची सहसा एकच बाजू बंद केली जाते आणि दुसरीवरून वाहने चालू राहतात, त्यामुळे शहर ठप्प होत नाही. मोटारींना रस्ता ओलांडावाच लागतो अशा चौकांत गणवेशातले मार्गरक्षक आडवी दोरी किंवा फलक घेऊन उभे राहतात, सायकलींना थांबवतात, मोटारी जाऊ देतात आणि पुन्हा वाट मोकळी करतात. शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी कोलंबियात विद्यार्थ्यांना सामाजिक सेवेचे तास भरावे लागतात, आणि त्यांतले कित्येक जण ते तास इथे भरतात. वाटेत सायकलदुरुस्तीची टपरी असते, फळांचा रस मिळतो, चौकातल्या मंचावर व्यायामाचे वर्ग चालतात. यासाठी नवे बांधकाम जवळजवळ काहीच लागत नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासाने बोगोतातल्या या उपक्रमाचा खर्च वापरकर्त्यामागे वर्षाला सुमारे 6 डॉलर एवढाच मांडला, आणि खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे आरोग्यावरील खर्चात 3 ते 4 डॉलर वाचतात असा हिशोब दिला.

सिक्लोव्हियाने लोकांना चांगला व्यायाम मिळाला हे खरे, पण तिने त्याहून मोठे काम केले असे माझे मत आहे. तिने एका पिढीला रस्ता वेगळ्या रूपात दाखवला. लहानपणी ज्याने कारेरा 7 च्या मधोमध सायकल शिकली, त्याला तो रस्ता फक्त मोटारींचा आहे हे सहजासहजी पटवून देता येत नाही. रविवारचे सात तास शनिवारपर्यंतच्या सहा दिवसांचे काय, हा प्रश्न आपोआप उभा करतात. त्या सहा दिवसांचे उत्तर रविवारने मात्र दिले नाही. रविवारी तिथे सायकल चालवणारी मुलगी सोमवारी सकाळी शाळेत जाताना त्याच रस्त्याच्या कडेला जीव मुठीत धरून उभी असे.

मूकाभिनय आणि आरसा

1995 मध्ये गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आन्तानास मोकुस महापौर झाले. नागरिकांनी एकमेकांना वागणुकीची जाण द्यावी, हा त्यांच्या कारभाराचा गाभा होता. त्यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलावंत उभे केले. सुरुवातीला ते वीसच होते, पुढे त्यांची संख्या चारशेच्या घरात गेली. झेब्रा पट्ट्यांवर गाडी थांबवणाऱ्या चालकासमोर ते हात जोडत, गाडी मागे ढकलण्याचा अभिनय करत, आणि सिग्नल तोडून धावणाऱ्या पादचाऱ्याच्या मागे त्याच्या सावलीसारखे चालत. त्यांच्याकडे दंडाची पावती नव्हती आणि शब्दही नव्हते. नागरिकांना साडेतीन लाख कार्डे वाटण्यात आली, ज्यांच्या एका बाजूला वर केलेला अंगठा होता आणि दुसऱ्या बाजूला खाली केलेला. ती एकमेकांना दाखवून नाराजी किंवा पसंती कळवायची होती. दारूची दुकाने आणि बार रात्री लवकर बंद करण्याचा नियम आला, आणि भ्रष्टाचाराने पोखरलेली वाहतूक पोलिसांची जुनी यंत्रणा मोडीत काढून ते काम राष्ट्रीय पोलिसांकडे सोपवण्यात आले.

बाहेरून येणाऱ्या वाचकाला मूकाभिनयाची गोष्ट फार आवडते आणि बोगोता म्हटले की तीच सांगितली जाते. तिचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पट्ट्यांवर गाडी थांबवणे ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, हे त्या कलावंतांनी शहराच्या मनात रुजवले. पण लाज वाटायला आधी पट्टे असावे लागतात. ज्या वस्तीत फुटपाथच नाही, तिथे शिस्त लावायची कोणाला आणि कशावर, हा प्रश्न उरतो. तो प्रश्न पुढच्या महापौरांच्या वाट्याला आला.

खांबांमागचा कायदा आणि गरीब वस्तीतला राजमार्ग

पेन्यालोसा यांची पहिली कारकीर्द 1998 ते 2000 अशी जेमतेम तीन वर्षांची होती. कोलंबियात महापौराला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे जे करायचे ते याच काळात करणे भाग होते. फुटपाथवरून मोटारी हटवताना त्यांच्या हाती एक भक्कम आधार होता. 1991 च्या कोलंबियन राज्यघटनेचे कलम 82 सांगते की सार्वजनिक जागेची अखंडता जपणे आणि ती सर्वांच्या वापरासाठी राखणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, आणि हा सामूहिक वापर खासगी हितापेक्षा वरचढ आहे. फुटपाथवर गाडी लावणे ही दुकानदाराची सोय होती आणि चालणे हा सर्वांचा हक्क होता. खांबांच्या वादात प्रशासन टिकून राहिले त्याचे एक कारण हे की त्याची बाजू केवळ सौंदर्याची किंवा शिस्तीची नव्हती, हक्काची होती.

त्याच काळात नैर्ऋत्येकडच्या बोसा आणि केनेडी या भागांतून ‘आलामेदा एल पोर्व्हेनिर’ हा 17 किलोमीटरचा मार्ग बांधला गेला. तो केवळ पादचारी आणि सायकलींसाठी होता. या मार्गाची खरी किंमत जाणण्यासाठी त्याच्या आजूबाजूला पाहावे लागते. बांधला गेला तेव्हा शेजारच्या कित्येक गल्ल्यांत मोटारींसाठीचा रस्ता कच्चा होता. पाऊस पडला की तिथे चिखल होई, आणि त्या चिखलाच्या शेजारून फरसबंदी केलेली, दिवे आणि झाडे लावलेली रुंद वाट जात असे. तिच्यावरून कामगार सायकलने कामावर जात आणि मुले चालत शाळेत जात. एरवी सर्वत्र आधी डांबरी रस्ता होतो आणि पैसे उरले तर फुटपाथ होतो. इथे क्रम उलटा होता, आणि त्यामागचा विचार साधा होता : या वस्तीतल्या बहुतेकांकडे मोटार नाही, मग पहिला पैसा मोटारीच्या रस्त्यावर का खर्चावा?

या एका निर्णयाइतका न्यायाचा स्पष्ट आविष्कार वाहतुकीच्या क्षेत्रात मला दुसरीकडे सहसा आढळत नाही. शहरे बहुतेकदा सायकलमार्ग तिथे बांधतात जिथे ते सुंदर दिसतील, म्हणजे सधन भागात, तलावाकाठी, कचेऱ्यांच्या परिसरात. एल पोर्व्हेनिर अशा ठिकाणी बांधला गेला जिथे लोक आधीपासूनच सायकल चालवत होते, कारण त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

24 फेब्रुवारी 2000, गुरुवार. त्या दिवशी बोगोताने कामाच्या दिवशी पहिल्यांदा खासगी मोटारी बंद ठेवल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या सार्वमतात नागरिकांनी हा दिवस दरवर्षी पाळण्याला बहुमताने संमती दिली. डिसेंबर 2000 मध्ये ‘ट्रान्समिलेनियो’ ही स्वतंत्र मार्गिकांवरून धावणारी बससेवा सुरू झाली. बससेवेचा पादचाऱ्यांशी काय संबंध, असे कोणी विचारेल. त्याआधी बोगोतातल्या खासगी बसचालकाची कमाई त्याने उचललेल्या प्रवाशांवर अवलंबून असे, त्यामुळे दोन बस एकाच प्रवाशासाठी एकमेकींशी शर्यत लावत आणि वाटेल तिथे कडेला घुसत. लोक या प्रकाराला ‘सेंटाव्होचे युद्ध’ म्हणत, म्हणजे पैशापैशासाठीची लढाई. तिच्यात चिरडला जाणारा बहुधा फुटपाथच्या कडेला उभा असलेला माणूस असे. ट्रान्समिलेनियोच्या मार्गांवर हालचालीची दिशा, थांबे आणि चालकाचा पगार हे सगळे ठरीव झाले आणि या शर्यतीचे कारणच नाहीसे झाले. तिथले अपघाती मृत्यू लक्षणीय घटले.

1990 च्या दशकाच्या मध्यावर बोगोतात वर्षाला सुमारे 1,300 माणसे रस्त्यांवर मरत होती. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत हा आकडा 600 च्या आसपास उतरला. या घटीचे श्रेय एका कोणाला देता येणार नाही. मूकाभिनय, दारूची दुकाने व बार बंद होण्याच्या वेळा, पोलीसयंत्रणेतला बदल, फुटपाथ, बससेवा हे सगळे एकाच दशकात घडले आणि त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळलेले आहेत. मोकुस 2001 मध्ये पुन्हा महापौर झाले आणि त्यांनी आधीच्या महापौरांची कामे मोडली नाहीत, पुढे नेली. वेगळ्या विचारांच्या दोन नेत्यांनी एकमेकांचे काम टिकवले, हे या घटीमागचे एक मोठे कारण मानायला हवे.

जिथे वाटणी चुकली

पेन्यालोसांच्या काळात सुरू झालेले सायकलमार्गांचे जाळे, ज्याला बोगोतात ‘सिक्लोरूता’ म्हणतात, काही वर्षांत तीनशे किलोमीटरच्या घरात गेले. 1990 च्या दशकात एक टक्क्याहूनही कमी असलेला सायकलचा वाटा यामुळे वाढू लागला. परंतु या जाळ्याचा मोठा भाग फुटपाथवर आखला गेला होता. मोटारींच्या मार्गिकेला हात लावला की वाद होणार, म्हणून अनेक ठिकाणी आहे त्याच फुटपाथवर रंगाचा किंवा वेगळ्या विटांचा पट्टा ओढून अर्धी जागा सायकलींना दिली गेली.

परिणाम प्रत्येक चौकात दिसत होता. फुटपाथवरून ताशी 18-20 किलोमीटर वेगाने येणारी सायकल आणि पिशव्या घेऊन हळू चालणारी आजी एकाच चिंचोळ्या जागेत आल्या. बसथांबा आला की थांबलेल्या लोकांच्या गर्दीतूनच सायकलमार्ग जाई. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मार्ग खाली उतरून पुन्हा वर चढे, आणि वळणाऱ्या मोटारीच्या चालकाला फुटपाथवरून अचानक येणारी सायकल दिसत नसे. सायकलस्वार वैतागून रस्त्यावर उतरत, पादचारी सायकलस्वारांना दूषणे देत, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे केले त्या दोन दुर्बळ गटांमध्येच भांडण लागे. मोटारीच्या वाट्याची रुंदी मात्र जशीच्या तशी राहिली.

या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी चूक ही आहे. सायकलीला जागा देताना ती कोणाच्या वाट्यातून काढली, यावर सगळे अवलंबून असते. पुढे 2010 च्या दशकात शहराने धोरण बदलले आणि रस्त्याच्याच पातळीवर, मोटारींच्या मार्गिकेतून जागा काढून, खांब आणि कठड्यांनी वेगळ्या केलेल्या सायकल-मार्गिका आखायला सुरुवात केली. उत्तर भागातल्या कारेरा 11 वर फुटपाथवरची सायकलवाट अशीच खाली रस्त्यावर आणली गेली. तिथे सायकलस्वार मोटारचालकाच्या नजरेच्या टप्प्यात आला आणि फुटपाथ चालणाऱ्यांना परत मिळाला.

दुसरी चूक पादचारी पुलांची. रुंद रस्त्यावर लोक मरतात, म्हणून पूल बांधायचा, हा उपाय बोगोतानेही मोठ्या प्रमाणावर केला. खालून बस आणि ट्रक जाण्यासाठी पूल जमिनीपासून पाच-साडेपाच मीटर उंच असावा लागतो. चाकांच्या खुर्चीला चढता येईल असा, म्हणजे बारा मीटरमागे एक मीटर चढणारा उतार धरला, तर साडेपाच मीटरसाठी एका बाजूला 66 मीटर आणि दोन्ही बाजूंना मिळून 132 मीटर जास्त चालावे लागते. 30 मीटरचा रस्ता ओलांडण्यासाठी एवढा फेरा. गुडघे दुखणारी आजी, पाठीवर ओझे घेतलेला हमाल, कामावर उशीर होत असलेली बाई यांनी खालूनच जायचे ठरवले तर तो बेशिस्तपणा म्हणून सोडून देता येत नाही. पुलाच्या सावलीत, पुलापासून थोड्या अंतरावर पादचारी मरतात हे बोगोतात वारंवार दिसून आले आहे. पूल बांधताना खरे म्हणजे मोटारीचा वेळ वाचवलेला असतो आणि तो पादचाऱ्याच्या पायांतून वसूल केलेला असतो. जमिनीवरचा सिग्नल, मध्ये थांबायला दुभाजकाचा ओटा आणि वाहनांचा कमी वेग यांनी तोच रस्ता ओलांडता येतो.

दहा किलोमीटरचा फरक

मृत्यू सहाशेवरून खाली यायला पुढची बरीच वर्षे लागली. आकडा पाचशे-साडेपाचशेच्या आसपास घुटमळत राहिला. 2017 मध्ये शहराने ‘व्हिजन झिरो’ हे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, पण त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, हे त्या धोरणाचे मूळ तत्त्व. त्यानुसार 2018-19 मध्ये काही मुख्य रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी 60 वरून 50 किलोमीटर करण्यात आली, वेग टिपणारे कॅमेरे लावण्यात आले, आणि या रस्त्यांवरील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटले. 2020 मध्ये ही मर्यादा शहरभर लागू झाली.

दहा किलोमीटरने असे काय होते, असा प्रश्न चालक नेहमी विचारतात आणि त्याचे उत्तर गणितात आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी सुमारे 25 किलोमीटरने कमी होतो असे मानू. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी त्या सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी 14 मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण 28 मीटर. ताशी 60 किलोमीटरच्या गाडीचे पहिल्या सेकंदातच 17 मीटर निघून जातात. तिला थांबायला एकूण 36 मीटरहून जास्त अंतर लागते. समजा, 28 मीटर अंतरावर एक मूल रस्त्यात आले. 50 ची गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. 60 ची गाडी त्याच ठिकाणी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी 39 किलोमीटरच्या आसपास असतो. एका प्रसंगात मूल घाबरते, दुसऱ्यात त्याला जबर मार बसतो किंवा ते दगावते. 30 च्या वेगाने जाणारी गाडी तर 13-14 मीटरमध्येच उभी राहते. 2022 मध्ये कोलंबियाने कायदा 2251 संमत करून शहरी रस्त्यांवर कमाल 50 आणि निवासी व शाळांच्या परिसरात कमाल 30 ही मर्यादा देशभर घातली. हा कायदा रस्त्यावर प्राण गमावलेल्या एका किशोरवयीन सायकलपटूच्या नावाने ओळखला जातो.

अजून कोण बाहेर आहे

बोगोतातल्या सायकलस्वारांत स्त्रियांचा वाटा साधारण एक चतुर्थांश आहे. याचे कारण आवडीत शोधू नये. सायकलचोरी आणि वाटेत अडवून लुटणे या शहरात मोठी समस्या आहे, आणि अंधाऱ्या, निर्जन सायकलमार्गावर संध्याकाळनंतर एकटीने जाणे अनेकींना शक्य वाटत नाही. रात्री दिवा नसलेला मार्ग कागदावर सायकलमार्ग असतो, तिच्यासाठी तो नसतो. शिवाय स्त्रियांचे प्रवास घर ते कार्यालय असे सरळ नसतात : मुलाला शाळेत सोडणे, भाजी, आजारी माणसाचे औषध, मग काम, असे तुकड्यातुकड्यांचे आणि बहुतेक पायीच असतात. 2020 मध्ये सियुदाद बोलिव्हारपासून सुरू झालेल्या ‘काळजीच्या वस्त्या’ या उपक्रमात बालसंगोपन, कपडे धुण्याची सोय, शिक्षण आणि आरोग्यसेवा चालत जाण्याच्या अंतरात एकत्र आणल्या गेल्या. डोंगरउतारावरच्या वस्तीसाठी न्यायाचा अर्थ सायकलमार्ग नव्हेच. तिथे पायऱ्या, कठडे, दिवे आणि 2018 अखेरीस सुरू झालेली ट्रान्समिकेबल ही हवाई केबल यांतून तो अर्थ साकार होतो.

मुलांसाठी शहराने दोन साधे उपक्रम चालवले आहेत : पायी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या रांगा, ज्यांना ‘शतपाद’ म्हणतात, आणि सायकलींचे गट. दोन्हींत प्रशिक्षित मोठी माणसे सोबत असतात. ते चांगले आहेत. पण मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय मूल शाळेत जाऊ शकत नसेल तर तो रस्ता अजून पूर्ण सुरक्षित झालेला नाही, असेच म्हणावे लागेल. दरम्यान मोटरसायकलींची संख्या वाढत गेली आणि मृतांमध्ये त्यांच्या चालकांचा वाटाही वाढला. खालच्या स्तरांतला तरुण बसच्या गर्दीला आणि लांब अंतराला कंटाळून मोटरसायकल घेतो. म्हणजे सार्वजनिक वाहतुकीतली उणीवसुद्धा शेवटी मृत्यूंच्या याच नोंदवहीत उमटते.

मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे बसमध्ये दाटीवाटीने बसणे धोक्याचे झाले, तेव्हा तत्कालीन महापौर क्लाउदिया लोपेस यांच्या प्रशासनाने काही दिवसांत मोठ्या रस्त्यांवर शंकू मांडून तात्पुरत्या सायकल-मार्गिका सुरू केल्या आणि त्या 80 हून अधिक किलोमीटरपर्यंत स्थिरावल्या. हे इतक्या झटपट करता आले, कारण दर रविवारी रस्त्याचा एक भाग वेगळा करण्याचा जवळपास पन्नास वर्षांचा सराव, ते शंकू आणि ती माणसे शहराकडे होती. यांतली एक मार्गिका कारेरा 7 वर आली. मोटारींची एक मार्गिका गेल्याने कोंडी वाढली अशी तक्रार झाली, विरोध झाला, ती काढून टाका अशी मागणीही झाली. शंकूंच्या जागी कायमचे दुभाजक बसवून ती राखण्यात आली. 1974 च्या डिसेंबरात ज्या रस्त्याचे काही तास मागून घ्यावे लागले होते, त्याच रस्त्यावर आता मंगळवारी सकाळी साडेसहालाही सायकलींची रांग सिग्नलपाशी उभी असते.